जीभ वळत नाही? इंदुरात ळ शिकणाऱ्यांसाठी

मल्हारराव होळकर. इंदुरात राहायचं म्हणजे हे नाव आठवड्यातून चारदा तरी कानावर पडतं. एकदा ते मोठ्यानं म्हणा आणि स्वतःचंच ऐका. 'मल्हार'मध्ये ल आहे, 'होळकर'मध्ये ळ. नीरेकाठच्या होळ गावचे म्हणून होळकर. हिंदीत त्याचं होलकर झालं, पाट्यांवरही तसंच लिहितात, आणि हिंदीपुरतं ते बरोबरच आहे, कारण प्रमाण हिंदीच्या वर्णमालेत हे अक्षर नाही. पण १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर ज्या घराण्यानं इंदूरला राजधानी आणली, त्याचं नाव मराठी बोलतानाही आपल्याला नीट घेता येऊ नये, हे मला खुपतं. म्हणून हा लेख.

हिंदी घरातून मराठी घरात आलेल्या सुना आणि जावई यांच्यासाठी तो आहे. इथंच जन्मलेल्या, मराठी सगळं समजणाऱ्या पण 'सगलं', 'मिलालं', 'डोले' म्हणणाऱ्या मुलांसाठीही आहे. देवनागरी वाचता येते आणि मराठी बऱ्यापैकी कळते एवढं मी धरून चालतो. खाली जे सांगतोय ते बहुतेक सगळं मी माझ्या वहिनीबरोबर करून पाहिलं आहे. ती देवासची, घरी हिंदी बोलणारी. लग्न होऊन आली तेव्हा 'पोळी' हा शब्द टाळण्यासाठी ती वर्षभर 'रोटी' म्हणत होती.

कान आधी

ळ न येण्याचं पहिलं कारण जिभेत नसतं, कानात असतं. हिंदीत वाढलेला कान ळ ऐकतो आणि जवळच्या खणात टाकून मोकळा होतो. कधी ल च्या खणात, कधी ड़ च्या. जे वेगळं ऐकूच येत नाही ते वेगळं म्हणणार कसं? तेव्हा पहिले चार-पाच दिवस तोंड बंद ठेवा. घरातल्या कुणा मराठी माणसाला पाठमोरं बसवा, म्हणजे त्याचे ओठ दिसणार नाहीत, आणि या जोड्यांतला कुठलाही एक शब्द म्हणायला सांगा:

काल – काळ
वेल – वेळ
माल – माळ
गाल – गाळ
चाल – चाळ
मूल – मूळ
काला – काळा
आली – आळी

तुम्ही फक्त बोट दाखवायचं, डावीकडचा की उजवीकडचा. दहापैकी नऊदा बरोबर येऊ लागलं की पुढं जा, त्याआधी नाही. घाईनं पुढं गेलेले लोक मी पाहिले आहेत. ते महिनाभर जीभ वाकडी करत बसतात आणि आपण म्हटलेला ळ होता की नव्हता, हे त्यांना स्वतःलाच कळत नाही.

या जोड्या नुसत्या सरावाच्या नाहीत. 'तो काल आला' म्हणजे पाहुणा येऊन गेला, 'त्याचा काळ आला' म्हणजे माणूस गेला. एका अक्षराच्या चुकीनं ऐकणारा दचकतो तो इथं.

जीभ कुठं न्यायची

आधी ल म्हणा आणि तिथंच थांबा. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मुळाशी, हिरडीला टेकलेलं असेल. आता हिंदीतला 'घोड़ा' म्हणा, सावकाश. ड़ च्या वेळी जीभ मागं वळते, टाळूवर एक टिचकी मारते आणि पुढं येऊन पडते. ही वळलेली जीभ तुमच्याकडं जन्मापासून आहे. ळ साठी जागा हीच. मराठीतल्या 'घोडा', 'गाडी' या शब्दांतही ती तशीच वळते, आपण फक्त खाली टिंब देत नाही.

फरक पुढं आहे. ड़ ला जीभ टिचकी मारून निघून जाते. ळ ला ती टाळूला टेकून क्षणभर राहते, आणि जिभेच्या दोन्ही कडा मोकळ्या राहतात, त्यांच्या बाजूनं आवाज वाहतो. कडांवरून आवाज वाहणं ही ल ची रीत आहे. म्हणजे जागा ड़ ची आणि रीत ल ची, अशी ळ ची घडण आहे. त्याच्या या दोन्ही नातेवाइकांना तुम्ही आधीच ओळखता, म्हणूनच मला वाटतं की हा उच्चार हिंदी भाषकाला अवघड म्हणणं बरोबर नाही.

हे सगळं डोळ्यांनी पाहता येतं. हातात छोटा आरसा घ्या, मोबाईलचा टॉर्च तोंडात पडेल असा धरा आणि तोंड नेहमीपेक्षा जास्त उघडा. ल म्हणताना जिभेची वरची बाजू दिसेल. ळ म्हणताना जीभ उलटी झालेली दिसली पाहिजे, म्हणजे तिची खालची, निळसर शिरा असलेली बाजू समोर आली पाहिजे. बोलण्याच्या ओघात जीभ एवढी उलटत नाही, पण शिकताना थोडं जास्तच वळवावं. पुढं ती आपसूक सैल होते.

वहिनीचं पहिलं आठवडाभर 'पोड़ी' होत होतं. पोळपाटावर कणकेचा गोळा, एका हातात लाटणं, आणि तोंडानं पोड़ी, पोड़ी. मी म्हणायचो, "वहिनी, जीभ आपटू नका, टेकवून ठेवा." ती म्हणायची, "भाऊजी, टेकवली की ल होतो." हा पेच बहुतेकांना पडतो. जीभ टेकवायला गेलं की ती सवयीनं पुढं, दातांकडं घसरते. यावर आम्हाला लागू पडलेला उपाय असा: जीभ वळवून टाळूला टेकवा, आवाज न करता तशीच ठेवा, आणि तोंडानं हवा आत ओढा. जिभेच्या दोन्ही कडांना गार वाटलं पाहिजे. गार वाटलं म्हणजे कडा मोकळ्या आहेत. मग तीच जीभ न हलवता फक्त आवाज सोडा: ळ्ळ्ळ्ळ. हा आवाज श्वास पुरेल तितका लांबवता येतो. ड़ असा लांबवता येत नाही, करून पाहा. लांबवता आला तर तो ळ, तुटला तर ड़. वहिनीला तिसऱ्या दिवशी गार लागलं, आणि त्याच संध्याकाळी पहिली खरी पोळी तव्यावर पडली.

जोर लावू नका. ळ जोरानं येत नाही. दहा मिनिटांत जिभेचं मूळ दुखायला लागतं, तेव्हा थांबा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा.

शब्दाच्या पोटात

मराठी मुलं अक्षरं शिकताना 'क कमळाचा' म्हणतात, पण ळ ला आल्यावर 'ळ बाळाचा' म्हणतात. ळ नं सुरू होणारा शब्दच नाही. हे अक्षर कायम पोटात किंवा शेवटी येतं, त्यामुळं सरावही एकट्या ळ चा करून भागत नाही, आधीच्या स्वरासकट करावा लागतो.

सोपे आधी घ्या. दोन्ही बाजूंना आ असला की जीभ मोकळी असते: काळा, शाळा, माळा, गाळा. मग ऊ: हळू, वाळू. त्यानंतर ई, आणि इथं थोडा दम धरा, कारण ई जिभेला पुढं ओढते आणि ळ मागं. पोळी, टाळी, केळी, गोळी. मग शेवटचा ळ: फळ, डाळ, गूळ, कमळ. इथं ळ अर्ध्यात सोडून देण्याचा मोह होतो, तो आवरा. शेवटी दुसऱ्या व्यंजनाला चिकटलेला: हळदी, ओळखी, मिसळपाव, कोळसा, चळवळ.

जुनं एक म्हणणं आहे, घराघरांत मुलांकडून म्हणवून घेतात: काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले. राळे म्हणजे कंगनी. पहिल्या दिवशी सावकाश म्हणा, वेग नंतर. यातला शेवटचा शब्द सगळ्यात कठीण आहे, त्याच्याकडं पुढं येतोच. आणि गणपतीच्या दहा दिवसांत तर आयता सराव होतो. आरतीत गळ्यातल्या माळेची जी ओळ आहे, तिच्यात झळके, माळ, मुक्ताफळांची असे तीन ळ लागोपाठ येतात. आरतीच्या गर्दीत कुणी तुमचा उच्चार तपासत नाही, मोकळेपणानं म्हणा.

हा ळ आला कुठून

उच्चार बसायला लागला की पुढचा प्रश्न येतोच: ल कुठं म्हणायचा आणि ळ कुठं, हे ओळखायचं कसं? पाठ करत बसण्यापेक्षा या अक्षराची हकिगत समजून घ्या. त्यातून निम्मे शब्द आपोआप सुटतात.

सुरुवात ऋग्वेदापासून. पहिल्याच सूक्ताची पहिलीच ओळ 'अग्निमीळे पुरोहितं' अशी आहे. 'ईळे' म्हणजे स्तुती करतो. त्याच सूक्ताच्या दुसऱ्या ऋचेत हाच धातू 'ईड्यो' असा येतो, ड घेऊन. एकाच सूक्तात, दोन ओळींच्या अंतरावर, एकदा ळ आणि एकदा ड. कारण असं की ऋग्वेदाच्या शाकल शाखेत दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला ड हा ळ होतो. 'ईळे'मध्ये तो ई आणि ए यांच्या मध्ये आहे. 'ईड्यो'मध्ये पुढं य आहे, म्हणून ड तसाच राहिला. हा नियम ऋक्प्रातिशाख्यात, म्हणजे ऋग्वेदाच्या उच्चारांचे नियम सांगणाऱ्या जुन्या ग्रंथात, सांगितलेला आहे. पुढच्या, म्हणजे अभिजात संस्कृतात मात्र ळ उरला नाही, सगळीकडं ड झाला. शाळेतल्या संस्कृतात तो भेटत नाही याचं कारण हे.

पण लोकांच्या तोंडून तो गेला नव्हता. पालीत सोळाला 'सोळस' म्हणतात आणि गुळाला 'गुळ'. संस्कृतात हे शब्द षोडश आणि गुड. मराठीतले काही ळ असे ड पासून आलेले आहेत: गुडचा गूळ, षोडशचा सोळा, तडागचं तळं, दाडिमचं डाळिंब. हिंदीत गूळ आजही गुड़च आहे. म्हणून नवख्यानं ही एक खूण लक्षात ठेवावी: हिंदीत ड़ आणि मराठीत तोच शब्द जरा वेगळा वाटला, तर तिथं ळ असण्याची शक्यता आहे.

मोठा ओघ मात्र दुसरीकडून आला, ल मधूनच. प्राकृतातून मराठी घडताना दोन स्वरांच्या मध्ये एकटा पडलेला ल वळला आणि ळ झाला. फलचं फळ, मूलचं मूळ, मालाची माळ, शालाची शाळा, नीलचा निळा, तिलचा तीळ. पण जिथं प्राकृतात ल दुहेरी होता, ल्ल होता, तिथं तो टिकून राहिला. दुहेरीचा पुढं एकेरी झाला, आधीचा स्वर बहुधा लांबला, पण वळला नाही. गल्लचा गाल, फुल्लचं फूल, तेल्लचं तेल, वल्लीचा वेल, बइल्लचा बैल.

आता वरच्या कानाच्या सरावातल्या जोड्या पुन्हा पाहा. काळ आला 'काल' या एकेरी ल च्या शब्दातून. काल, म्हणजे कालचा दिवस, आला 'कल्य'पासून, प्राकृतात त्याचं कल्ल झालं होतं. वेळ वेलापासून, वेल वल्लीपासून. मूळ हे मूलपासून, आणि मोल हे मूल्यपासून, मध्ये मोल्ल होऊन. हजारभर वर्षांपूर्वी त्या दोन ल पैकी एक गळून पडला, तरी तो तिथं होता याची आठवण आपण रोज बोलताना जपतो. हिंदीत दोन्ही वाटा ल ला येऊन मिळाल्या. मराठीत त्या वेगळ्या राहिल्या. मंडईत 'फळं-फुलं' म्हणताना पहिला ळ आणि दुसरा ल का, याचं उत्तर इतकं जुनं आहे.

हे सगळं एका वाक्यात पाहायचं असेल तर संक्रांतीची वाट पाहा. तिळगूळ घ्या, गोड बोला. तीळमधला ळ एकेरी ल चा. गूळमधला ळ ड चा. आणि बोलामधला ल दुहेरीचा, कारण प्राकृतात तो धातू बोल्ल असा होता. तीन शब्द तीन वाटांनी आले आणि तळहातावर ठेवलेल्या एका वडीबरोबर एकत्र झाले. मी दर संक्रांतीला हे कुणाला तरी सांगतो. मला स्वतःला ते पहिल्यांदा उमगलं तेव्हा झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

यातून एक फार उपयोगी गोष्ट निघते. मराठी भूतकाळाचा ल, म्हणजे गेला, आला, केला, बसली, झालं यांतला, हा प्राकृतातल्या -इल्ल या प्रत्ययातून आला आहे. तो दुहेरी होता, म्हणून तो ल च. क्रियापदाच्या शेवटच्या भूतकाळी ल ला कधीही वळवायचं नाही. 'आईला', 'घराला' यांतला ला सुद्धा ल च. एवढं पक्कं केलंत तर निम्मी धास्ती कमी होते.

अरबी-फारसीतून आलेल्या शब्दांत जवळजवळ सगळीकडं ल आहे: माल, सवाल, कमाल, दलाल, हमाल, गुलाल. ते हिंदीत म्हणता तसेच म्हणा.

जास्तीचा ळ

ळ जमायला लागला की माणूस उत्साहात सगळीकडं ळ म्हणू लागतो. 'बाळवाडी', 'शाळेय', 'तेळ'. हा टप्पा सगळ्यांनाच येतो, पण त्यात अडकू नका.

संस्कृतातून थेट उचललेले शब्द ल राखून असतात. घरच्या शब्दात ळ, पोथीतल्या शब्दात ल, असं ढोबळमानानं धरा. मूल जातं शाळेत, पण गणवेश असतो शालेय. वार मंगळवार, गळ्यात मंगळसूत्र, पण लग्नात म्हणतात मंगलाष्टकं आणि तेही मंगल कार्यालयात. बाळ घरात, बालवाडी बाहेर. कुळाचार देवघरात, कुलगुरू विद्यापीठात. मुलीसाठी पाहतात ते स्थळ, गाव सोडून जातात ते स्थलांतर. काळ सरतो, कालखंड मोजतात. फळ झाडाला लागतं, प्रयत्न सफल होतो.

हा नियम पक्का आहे असं मात्र मी म्हणणार नाही. धर्मशाळा आणि प्रयोगशाळा दोन्ही भारदस्त शब्द, पण ळ घेऊनच बसले आहेत. कमल-कमळ, निर्मल-निर्मळ, केवल-केवळ, सरल-सरळ यांत दोन्ही रूपं चालतात, बोलताना मात्र सरळ आणि केवळच ऐकू येतं. अडलात की शेजारच्या मराठी माणसाला विचारा. त्याला कारण सांगता येणार नाही कदाचित, पण त्याची जीभ चुकणार नाही.

कळलं

आता त्या कठीण शब्दाकडं. ळ नं संपणाऱ्या धातूला भूतकाळाचा ल लागला की दोघं अगदी खेटून येतात: कळलं, मिसळलं, वगळलं, पाळलं, गाळलं. जिभेला एका क्षणात टाळूवरून दातांशी यायचं असतं. नवखा माणूस म्हणतो 'कललं'. मराठीत दिवसातून पन्नास वेळा लागणारा शब्द हाच, आणि नेमका हाच अवघड.

तो तोडून शिका. आधी 'कळ' म्हणा आणि थांबा, जीभ वरच टेकलेली राहू द्या. मग 'लं'. कळ... लं. दोन्हींतली फट रोज थोडी कमी करा. 'मिळालं', 'पळाला' हे सोपे, कारण मध्ये आ आहे, जिभेला पुढं यायला सवड मिळते. त्यांच्यापासून सुरुवात केली तरी चालेल. मग ळ आणि य ची जोडी घ्या: डोळ्यांत, सगळ्यांना, पोळ्या, केळ्याची. इथं ळ आणि य मध्ये स्वर घुसवू नका, 'डोळियात' होतं ते टाळा.

कागदावर आणि मोबाईलवर

लिहायला ळ सोपा आहे, आडवा पडलेला आठ काढल्यासारखा. वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो, चौतिसावं व्यंजन म्हणून. होळकरांच्या दप्तरातले जुने मराठी कागद ज्या मोडी लिपीत आहेत, तिच्यातही ळ आहे. मराठी छपाईत ल चं जुनं वळण हिंदीतल्या ल पेक्षा वेगळं दिसतं, दोन पाकळ्यांसारखं. ते पाहून हा कुठला नवा ळ म्हणून गोंधळू नका, तो ल च आहे.

मोबाईलमध्ये हिंदी कळफलकावर मराठी टाइप करत असाल तर आजच मराठी कळफलक जोडून घ्या, म्हणजे ळ समोर येतो. संगणकावर इनस्क्रिप्ट कळफलकात एन दाबला की ल आणि शिफ्ट धरून एन दाबला की ळ. युनिकोडमध्ये ल चा क्रमांक ०९३२ आहे, ळ चा ०९३३. त्याच्या पुढच्या ०९३४ वर ऴ आहे, खाली टिंब असलेला. तो तमिळमधला एक वेगळा उच्चार लिहिण्यासाठी आहे, मराठीत लागत नाही. चुकून तो उमटला तर खोडा.

आडनावांच्या बाबतीत जपा. रोमन लिपीत ल आणि ळ एकसारखेच लिहिले जातात, तिथून पुन्हा देवनागरीत आणताना काळेंचं काले होतं आणि मुळेंचं मुले. आमच्या घरातल्या एका कागदावर असं झालं, ते दुरुस्त करून घ्यायला तीन खेपा घालाव्या लागल्या. फॉर्म भरताना देवनागरी नाव स्वतः लिहून द्या आणि छापून आलेलं तिथंच वाचा. जुनी कागदपत्रं किंवा लेख शोधायचे असतील तर 'होळकर' आणि 'होलकर' असं दोन्ही टाकून पाहा.

हा आवाज इथलाच आहे

ळ पुण्याहून आणलेला आहे, इंदूरच्या मातीत तो रुजत नाही, असं इथं पुष्कळ लोक मानतात. मीही मानत होतो, एके दिवशी वहिनीची आजी घरी येईपर्यंत. देवासजवळच्या खेड्यातल्या म्हाताऱ्या बाई, माळवीशिवाय दुसरं काही न बोलणाऱ्या. जेवायला डाळ-बाफले केले होते. ताटात वाढताना त्या म्हणाल्या, "दाळ थोड़ी और।" दाळ. जीभ पूर्ण वळवून, आम्हा मराठी माणसांसारखा स्वच्छ ळ. वहिनी हातातलं भांडं तसंच धरून त्यांच्याकडं पाहत राहिली. जन्मभर हा शब्द आजीच्या तोंडून ऐकला होता तिनं. शाळेत गेल्यावर 'दाळ नहीं, दाल' असं सांगून तो तिच्या तोंडून काढला गेला, आणि मग आमच्या स्वयंपाकघरात आरसा घेऊन तोच परत मिळवायला तिला दोन महिने लागले.

माळवी, निमाडी, राजस्थानी बोलणाऱ्यांच्या तोंडी ळ आहे. गुजरातीत तो आहे, अक्षरासकट. उडियात आहे, कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळममध्ये आहे. नाही तो प्रमाण हिंदीच्या वर्णमालेत, आणि शाळा हिंदीची असल्यामुळं तो आपल्या मुलांच्या कानातून जातो. ज्या पठारावर इंदूर वसलं त्याला मराठीत माळवा म्हणतात. तेव्हा सराव करायला मराठी घरच हवं असं नाही. मंडीत खेड्यातून माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याशी चार वाक्यं बोला, त्याच्या तोंडची दाळ आणि काळो ऐका. आणि तुमच्याच घरात माळवी बोलणारे कुणी वडीलधारे असतील तर सगळ्यात आधी त्यांच्याजवळ जाऊन बसा.

मराठी माणसांतही सगळ्यांचा ळ सारखा नसतो. इंदुरात खानदेशातून आणि वऱ्हाडातून आलेली घरं आहेत, त्यांच्या बोलीत डोळ्याचा डोया होतो आणि काळ्याचा काया. कोकण किनाऱ्यावरच्या आगरी-कोळ्यांत डोला ऐकू येतो. तो त्यांच्या बोलींचा रीतसर नियम आहे, त्याला चूक म्हणू नका आणि सुधारायला जाऊ नका. तुम्ही ज्या घरात मराठी शिकताय तिथली बोली अशी असेल तर तिथं तसंच बोला, प्रमाण मराठीसाठी ळ वेगळा शिका.

ळ बसला की महिनाभरानं ण घ्या. हिंदीत लिहिताना तो असतो, पण आपल्याकडं बोलताना त्याचा सर्रास न होतो, पानी म्हणतात तसा. जीभ आता त्या जागी जायला शिकलेली आहे, नवं काही करायचं नाही, फक्त कडा मोकळ्या न ठेवता आवाज नाकात सोडायचा. पाणी, लोणी, कोण, आणि मग दोन्ही एकत्र असलेले: वळण, दळण, चाळणी, गाळणी, खेळणी.